लाल जर्सीतला मिलूद

फुटबॉलचा सामना असला की मिलूद सकाळीच लाल जर्सी घालून घराबाहेर पडायचा. गळ्यात लाल मफलर. खांद्यावर गुंडाळलेली गादी.

गल्लीच्या तोंडाशी शुऐबचं संत्र्याच्या रसाचं दुकान होतं. शुऐब त्याला तसाच पुढं जाऊ द्यायचा नाही.

"आले बघा नवरदेव! आज किती गोल?"

"तीन."

"तीनच? अरे, मागच्या खेपेला हिरवे एवढे रडले की दोनोर स्टेडियमच्या पायऱ्या ओल्या झाल्या. आज त्यांना पोहायला लावू. आणि गादी कुणाची?"

"मआरिफमधल्या बाईची. आजच पाहिजे म्हणते. पाहुणे यायचेत."

"सामन्याच्या दिवशी पण काम! सगळ्या मदीनेत एवढा कष्टाळू एकच, आणि तोच बिनलग्नाचा. देवाचा हिशोबच कळत नाही बाबा."

मिलूद हसायचा. रसाचा पेला उभ्यानं रिकामा करायचा. मग छातीवरच्या बिल्ल्याला ओठ लावायचा, आणि आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायचे.

कासाब्लांकाची जुनी मदीना, म्हणजे तटाच्या आतलं जुनं शहर, लाल होती. बंदरापासून थेट बाजाराच्या दरवाजापर्यंत. भिंतींवर लाल पट्टे, शटरांवर लाल तारे, कुणी तर आपल्या मांजराच्या गळ्यातही लाल फीत बांधलेली. तिथं पोर चालायला लागायच्या आधी लाल होतं.

मिलूद हिरवा होता.

मआरिफला, स्टेडियमच्या दोन रस्ते अलीकडे, एक मोटारी दुरुस्त करणारं गॅरेज होतं. मिलूद मागच्या दारानं आत जायचा. जर्सी काढायचा, मफलर काढायचा, दोन्हींची घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवायचा. रेदवान तिथं वाट पाहत असायचा. मग दोघं मिळून गादीची एक बाजू उसवायचे. लोकरीच्या मधोमध, खोळीला आतून टाके घालून बसवलेलं, ते असायचं. हिरवं निशाण. उलगडलं की गॅरेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरायचं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: जागते.

जागते हे त्यांच्या, हिरव्या संघाच्या पाठीराख्यांच्या, टोळीचं नाव. हिरव्यांच्या बाजूला अशा टोळ्या चार-पाच होत्या, लालांकडेही तेवढ्याच. गाणी टोळीची, ढोल टोळीचे, भांडणंही टोळीची. पण टोळीचा जीव असायचा तो निशाणात. कठड्याला निशाण लागलं म्हणजे टोळी आली. निशाण फाटलं तर शिवता येतं. पोलिसांनी नेलं तर नवं करता येतं. पण समोरच्यांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते उलटं धरून मिरवलं, तर टोळी संपली. त्याच दिवशी. पुन्हा ते नाव कुणी घ्यायचं नाही. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, आणि तो मोडलेलाही कुणी पाहिला नव्हता.

एके वर्षी लालांची काही माणसं दर्ब सुलतान या हिरव्यांच्या मोहल्ल्यातल्या एका घरात दार फोडून घुसली. निशाण शोधत होती. ते नशिबानं दुसरीकडे होतं. त्यानंतर रेदवाननं मिलूदला बाजूला घेतलं. रेदवान टोळीचा म्होरक्या. ट्राम चालवायचा. बोलायचा कमी, आणि बोलला की लोक ऐकायचे.

"तू मदीनेत राहतोस."

"राहतो. काय करू?"

"तिथं तुला सगळे लाल समजतात."

मिलूदचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आता हा आपल्याला हाकलणार.

"निशाण तुझ्याकडे ठेवायचं," रेदवान म्हणाला. "लालांच्या पोटात. तिथं कोण शोधणार? सामन्याच्या दिवशी लाल घालून निघ. आणखी लाल हो. गाणी म्हण त्यांची."

"आणि आपल्यातल्या कुणी बघितलं तर?"

"मी आहे ना."

हे दोघांतच राहिलं.

मिलूदला लाल जर्सी नवी नव्हती. त्याचा जन्म दर्ब सुलतानचा. तिथली हवासुद्धा हिरवी. तो शाळेत जायला लागला त्या सुमारास त्याचा बाप बंदरावर हमालीला लागला आणि बिऱ्हाड मदीनेत आलं. पहिल्याच दिवशी मिलूद हिरवा शर्ट घालून खेळायला गेला आणि नाक फोडून घेऊन परत आला. यम्मानं, त्याच्या आईनं, नाक धुतलं. मग ती खाली गेली आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरून लाल जर्सी घेऊन आली.

"ही घाल आणि पाव घेऊन ये."

"ही मी नाही घालणार."

"का? टोचते का? नवी आहे. घाल. पाव संपतील."

त्यानं जर्सी घातली. पाव आणले. कुणी हात लावला नाही. यम्माच्या दृष्टीनं तिथंच तो विषय संपला. चेंडू एक, पोरं तीच, रंगाचं काय एवढं? पण पुढच्या रविवारी मिलूद चालत चालत दर्ब सुलतानला गेला. वाटेत एका भिंतीआड त्यानं जर्सी काढून पिशवीत टाकली. पुढं किती वर्षं तो असा दोन रंगांत राहिला, ते त्यालाही आठवलं नसतं.

बाप गेल्यावर तो गाद्या शिवायला लागला. दर्ब ओमरच्या बाजाराच्या मागं एक कारखाना होता. घराघरांत भिंतीलगत ज्या लांब बैठका असतात, त्यांच्या खोळी, त्यांचं भरण, कडेचे जाड टाके. मिलूदच्या हातचं भरण कधी दबत नाही, असं गिऱ्हाइकं सांगायची. त्याच्या स्वतःच्या घरातली बैठक मात्र दगडासारखी होती. निशाण तिच्यात होतं; सामन्याच्या आदल्या रात्री, यम्मा झोपली की, तो ते काढून न्यायच्या गादीत शिवायचा. रोज यम्मा त्याच्यावर बसून वाटाणे सोलायची, आणि दुपारी त्याच्यावरच डुलकी काढायची.

"अरे, ही बैठक उसव एकदा. लोकर धुवायला झालीये."

"करतो यम्मा."

"दोन वर्षं करतोयस. लोकांच्या घरी ढग भरतोस, आणि आईला विटा."

"रमजानच्या आधी करतो."

तो करायचा नाही. यम्माच्या हातात कात्री दिसली की काही निमित्त करून ती काढून घ्यायचा.

शाबानचा महिना लागला. रमजान तोंडावर आला की मदीनेतल्या बायका घर उलटं करून झाडतात. शुऐबची आई झहूर, सगळे तिला मानानं लाल्ला झहूर म्हणायचे, आपली लोकर धुऊन मोकळी झाली होती. ती यम्माकडे बसायला आली आणि बसता बसता म्हणाली, "लाल्ला तामू, राग मानू नकोस. पण गादीवाल्याच्या घरी बसलं की ढुंगण दुखतं."

मिलूद त्या दिवशी कामावर होता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा जिन्यातच ओल्या लोकरीचा वास आला. उरलेल्या पायऱ्या तो दोन-दोन करत चढला. यम्मा दारात उभी होती. बाह्या वर केलेल्या, हात पाण्यानं सुरकुतलेले, चेहरा खुललेला.

"वर जाऊन बघ," ती म्हणाली.

"काय केलंस?"

"जे तू करणार होतास ते. मी आणि झहूर. काय काळी झाली होती रे! तीन पाणी काढली तरी माती निघतच होती. तुझे टाके उसवताना बोटं गेली माझी. कुणी एवढं घट्ट शिवतं का?"

मिलूदनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं.

"आणि आत कापड सापडलं. केवढं थोरलं! तूच घातलं होतंस ना भराव म्हणून? मला आधी वाटलं दर्ग्यावरची चादर आहे. हिरवी, वर काहीतरी लिहिलेलं. झहूरला म्हटलं, असं कोंबून ठेवतात का? वास येत होता त्याला. मग ते वेगळं धुतलं. जपून. साबणानं. रंग अजिबात गेला नाही."

यम्माला वाचता येत नव्हतं. लाल्ला झहूरलाही नाही.

"कुठं आहे ते?"

"वाळत घातलंय. दोरीवर मावेना. कठड्यावरून सोडलं खाली."

गच्चीवर सगळीकडे लोकर पसरलेली होती. पांढरी, फुललेली. मिलूद तिच्यातून चालत गेला. कठडा रिकामा होता. भिंतीवर ओल उतरल्याची खूण होती, निशाणाच्या रुंदीची. कापड उडू नये म्हणून यम्मानं वर ठेवलेले दगड कुणीतरी उचलून शेजारी नीट मांडून ठेवले होते.

मदीनेत गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. एका गच्चीवरचं वाळवण वीस गच्च्यांवरून दिसतं.

यम्मा धापा टाकत वर आली.

"गेलं की काय? मेला वारा! बंदराकडून सुटला होता दुपारी. कुणाचं होतं रे? गिऱ्हाइकाचं का?"

"नाही."

"भरून द्यावं लागेल का?"

"नाही यम्मा. जुनं होतं ते."

"मग तोंड असं का केलंस? घाबरले ना मी."

तो खाली आला. शुऐबनं शटर अर्धं ओढलं होतं. मिलूद वाकून आत गेला. शुऐब एकटाच संत्री रचत होता. एरवी तो नवरदेवा म्हणाला असता.

"शुऐब, ते परत दे."

"माझ्याकडे नाही."

"मग कुणाकडे आहे?"

"पोरांनी नेलं. मदीनेत नाही आता ते." शुऐबनं एक संत्रं उचललं, पुन्हा ठेवलं. "खूया, भावा, एक विचारतो. ते तुझ्या घरात काय करत होतं?"

मिलूद संत्र्यांकडे बघत राहिला.

"एवढी वर्षं माझ्या दुकानासमोर तू त्या बिल्ल्याचे मुके घेतलेस. मी तुला रस पाजला. माझ्या पोरीच्या नाव ठेवण्याच्या दिवशी तू लाल घालून नाचलास."

"तुझी पोरगी मला लाडकीच आहे शुऐब."

"ते कोण नाही म्हणतंय?" शुऐबचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "ऐक. पोरांना आता दोन गोष्टी सांगता येतील. एक म्हणजे, मिलूद आपल्यात राहून हिरव्यांचं निशाण सांभाळत होता. ही सांगितली तर उद्या लाल्ला तामूला या गल्लीत पाणी भरता येणार नाही. पोरं कशी आहेत तुला माहीत आहे."

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे, मिलूदनंच ते हिरव्यांकडून पळवलं आणि आपल्याला आणून दिलं."

"मी नाही दिलं."

"मला माहीत आहे तू नाही दिलं! म्हातारीच्या वाळवणातून उचललं त्यांनी. हे सांगायचं का जगाला? मदीनेची मर्द पोरं धुणं चोरतात? त्यांना पण दुसरीच गोष्ट बरी वाटली. मी सांगितली त्यांना. मी. तुझ्यासाठी." तो थांबला. "तुझ्या आईसाठी."

मिलूद तिथंच खोक्यावर बसला. शुऐबनं त्याच्यापुढं पेला ठेवला. त्यानं त्याला तोंड लावलं नाही.

रात्र व्हायच्या आत फोटो सगळ्यांच्या फोनवर पोचले होते. तोंडं झाकलेली पोरं, त्यांच्या हातात निशाण, अक्षरं उलटी. खाली दुसरा फोटो होता: लाल जर्सीतला मिलूद, बिल्ल्यावर ओठ टेकवलेला, मागं हसणारी गल्ली. त्याखाली लिहिलं होतं, आमचा माणूस.

दुसऱ्या दिवशी मिलूद ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. रेदवानची गाडी आली. उतारू उतरले. फेरी फिरायच्या आधी चालकाला जरा सवड असते. रेदवान डब्यातून खाली आला, त्याला पाहून पुन्हा वर चढायला लागला.

"रेदवान."

"इथं यायला नको होतंस."

"मी विकलं नाही."

"माहीत आहे मला. विकणारा पैसे घेऊन दुसऱ्या गावाला गेला असता. असा माझ्यासमोर रडका चेहरा घेऊन उभा राहिला नसता. गेलं कसं ते सांग."

मिलूदनं सांगितलं. लोकर, साबण, कठडा, दगड. रेदवान ऐकत होता. मग तो हसायला लागला. गाडीच्या दाराला धरून, गणवेशाची टोपी हातात घेऊन हसला. ट्रामसाठी आलेली एक बाई त्याच्याकडे बघत राहिली. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि हसणं कुठं संपलं ते मिलूदला कळलं नाही.

"धुतलं," रेदवान म्हणाला. "पोलिसांच्या लाठ्या, फटाके, अगादीरचा प्रवास. कशानं गेलं नाही. आणि धुतलं."

"तू त्यांना सांग. लाल मला तू घालायला लावलंस. ते घरी तू ठेवायला लावलंस. एवढं सांग."

"सांगितलं तर लगेच विचारतील, मग गेलं कसं."

"तेही सांग."

"सांगू?" रेदवाननं टोपी घातली. "नीट विचार करून बोल. सांगतो मी. शुक्रवारी सगळे जमतील, मी उभा राहून सांगतो, की मिलूदच्या आईनं धुऊन वाळत घातलं. पुढच्या सामन्यापर्यंत त्याचं गाणं होईल. लाल करतील, आपलेही करतील. तुला माहीत आहेत आपली गाणी. तुझ्या आईचं नाव घालून, धुण्याचं, दोरीचं, आणि मग दोरीवर थांबणार आहेत का ते? अख्खं दोनोर गाईल. ट्राममध्ये गातील. शाळेतली पोरं गातील. मदीनेत तुझ्या खिडकीखाली गातील."

मिलूदनं स्वतः असली गाणी रचली होती. एका पंचाच्या बायकोवर केलेलं त्याचं गाणं अजून चालायचं. ते गाणं सुरू झालं की तो सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा.

"आईचं नको सांगू," तो म्हणाला.

"मग?"

"लाल तू घालायला लावलंस, तेवढं सांग. पुढचं म्हण, माहीत नाही."

रेदवाननं घड्याळात पाहिलं. "बघतो," म्हणाला. घंटी वाजली. तो वर चढला आणि गाडी निघाली.

शुक्रवारी नमाजानंतर दर्ब सुलतानच्या मातीच्या मैदानावर जागते जमले. शेवटचं. मिलूद राखी सदरा घालून आला होता. पुढं जायची छाती झाली नाही. गोलपोस्टामागं एक टपरी होती, तिच्या आडोशाला तो उभा राहिला. पोरं उकिडवी बसली होती. कुणी ढोल आणला नव्हता. काहींनी आपले मफलर मांडीवर घडी करून ठेवले होते.

रेदवान उभा राहिला.

"निशाण गेलं," तो म्हणाला. "जागते संपले. आजपासून हे नाव कुणी घ्यायचं नाही. भिंतींवरचं मीच पुसून घेतो. ज्याला दुसऱ्या टोळीत जायचं त्यानं जावं. वाईट वाटून घेऊ नका. असं होतं."

मग एक जाडसर गृहस्थ उठला. हा मासळीवाला, टोळी काढली त्या दिवसापासूनचा.

"रेदवान, एक विचारायचंय. निशाण कुणाकडे असतं ते तुलाच माहीत होतं. आम्ही कधी विचारलं नाही. आता विचारतो. मिलूदकडे दिलं होतंस?"

मिलूदनं टपरीच्या पत्र्याला हात लावला. पत्रा उन्हानं तापला होता. त्यानं हात तसाच ठेवला.

रेदवान खाली बघत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला एक वाक्य बोलायचं होतं. मी घालायला लावलं. मिलूद ते वाक्य मनातल्या मनात म्हणत होता, त्याच्यासाठी, शाळेत शेजारच्या पोराला उत्तर सांगावं तसं.

"कोण मिलूद?" रेदवान म्हणाला.

मासळीवाल्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो खाली बसला.

"असा कुणी आपल्यात नव्हता," रेदवान म्हणाला. या वेळी त्याचा आवाज नीट होता.

मिलूद मैदानाला वळसा घालून रस्त्यावर आला. नाक्यावर गोगलगायींचं सूप विकणारा म्हातारा बसला होता. लहानपणापासून मिलूद त्याच्याकडे खायचा. पातेल्यातून वाफ येत होती.

"एक वाटी दे रे बाबा."

म्हाताऱ्यानं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"संपलं," तो म्हणाला.

यानंतर मिलूद दर्ब सुलतानला गेला नाही. कुणी त्याला मारलं नाही. त्याला वाटलं होतं मारतील, आणि एका परीनं त्याची तयारी होती. कारखान्यात त्याच्या शेजारी बसणारा हिरवा होता. तो दुसरीकडे बसायला लागला. दाभण मागितलं तर द्यायचा, पण हातात नाही, मधे जमिनीवर ठेवायचा.

मदीनेत उलट झालं. चहाचे पैसे त्याला कुणी देऊ देईना. पोरं रस्त्यात थांबवून हात मिळवायची. न्हाव्याच्या दुकानात त्याच्यासाठी खुर्ची रिकामी व्हायची. खरं काय ते ज्यांना माहीत होतं, ती चार-पाच पोरंही आता ते विसरली होती. रोज तीच गोष्ट सांगून त्यांना ती स्वतःलाच खरी वाटायला लागली होती. निशाण मिळवायला मिलूद किती वर्षं हिरव्यांत घुसून राहिला, कसा त्यांच्यासारखा गायचा, कसा त्यांच्या म्होरक्याचा उजवा हात झाला, असं ती त्याच्यासमोरच सांगायची.

"नाही रे," मिलूद एकदा म्हणाला. "असं काही नाही."

"बघा," एकजण म्हणाला. "मोठेपणा बघा याचा."

यम्मालाही बायकांनी सांगितलं. काय केलं ते तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी चांगलं केलं होतं हे कळलं होतं.

"तू मला सांगितलं नाहीस कधी," ती म्हणाली. "झहूर सांगत होती, माझ्या मुलानं सगळ्या गल्लीची मान वर केली म्हणून. काय केलंस रे?"

"काही नाही यम्मा. खेळातलं आहे."

"खेळातलं का असेना. तुझा बाप मरेपर्यंत इथं राहिला, त्याला कुणी बसा म्हटलं नाही. काल मी पावाच्या रांगेत होते तर मला पुढं केलं. म्हणे, मिलूदची आई आहे." ती बोलता बोलता थांबली. तिला हसू येत होतं. "तीन पाव घेतले मी उगाचच."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला ते सांगावं असं त्याला एकदाही वाटलं नाही असं नाही. पण सांगायचं काय? आणि तिनं ते घेऊन जायचं कुठं?

पुढच्या हंगामात पुन्हा तो सामना आला. लाल आणि हिरवे, दोनोरवर. मिलूदनं ठरवलं होतं, जायचं नाही. त्या सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. जिन्यावर पावलं वाजली. यम्मानं दार उघडलं. खाली वीस-पंचवीस पोरं उभी होती, आणि शुऐब.

"आजारी आहे का?" शुऐबनं विचारलं.

"कसला आजारी! झोपलाय आळशी. थांबा, पाठवते."

शुऐब आत आला. पलंगाजवळ उभा राहिला. त्याचा आवाज इतका हळू होता की स्वयंपाकघरात ऐकू गेला नसता.

"उठ खूया. आज आला नाहीस तर विचारतील का आला नाही. मग शोधायला लागतील. इतकं झाल्यावर आता नको."

"मला नाही जमायचं."

"जमतं. सगळी वर्षं जमलंच ना?"

त्यानं हे टोचून म्हटलं की सहज, ते मिलूदला ठरवता आलं नाही. बहुधा शुऐबलाही नसतं आलं. मिलूद उठला. यम्मानं जर्सी इस्त्री करून ठेवली होती.

पोरांनी त्याला पुढं घातलं. खांद्यावर गादी नव्हती, त्यामुळं हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. मआरिफच्या चौकात पोलिसांनी मधे कडं केलं होतं. पलीकडून हिरवे येत होते. त्यांच्यात मिलूदला मासळीवाला दिसला, दुसऱ्या कुठल्या तरी टोळीच्या मफलरात. मासळीवाल्यानंही त्याला पाहिलं. त्याची नजर मिलूदच्या चेहऱ्यावरून पुढं गेली, मागच्या माणसावर, मग दिव्याच्या खांबावर. खांबावर जेवढी थांबली तेवढीही ती मिलूदवर थांबली नव्हती.

मग ते आत गेले. उत्तरेच्या, लालांच्या दारानं. आयुष्यात कधी मिलूद त्या दारानं आत गेला नव्हता. जिना चढून वर आल्यावर समोर सगळं उलटं दिसलं. तो जिथं वाढला ती पायरी तिकडं, लांब, माणसांनी हिरवी झालेली. तिच्यावर मोठं घड्याळ होतं. हिरव्यांची बाजू त्या घड्याळाखालीच आहे, त्यामुळं तिथं बसणाऱ्याला ते दिसत नाही. किती वेळ उरलाय, हे ते शेजाऱ्याला विचारतात. इथून ते स्वच्छ दिसत होतं.

हिरव्यांनी गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं. चाल त्यानंच बसवलेली होती, पंचाच्या बायकोची. शब्द नवे होते. ते शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. त्यात यम्मा नव्हती.

"ऐकलंस?" एक पोरगा त्याच्या कानाशी ओरडला. खूश होता. "जळतायत! तू सुरू कर आपलं. चल, मिलूद, तू उचल!"

आजूबाजूच्यांनी त्याला कठड्यावर चढवलं. कुणीतरी त्याच्या कमरेला धरलं. ढोलवाला त्याच्याकडे बघत थांबला होता.

मिलूदनं पहिली ओळ उचलली. शब्द सगळे पाठ होते. त्याच्यामागून पंधरा-वीस हजार आवाज आले, इतके मोठे की त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईना. समोर, हिरव्यांच्या डोक्यावर, घड्याळात अजून सबंध सामना शिल्लक होता.